नुसती घडी मोडते

अंबूबाईनं तोंडातली टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली आणि हातातला कुर्ता झटकून पुन्हा ब्राह्मीपुढं धरला.

"घाला की ओ ताई. हात दुखाय लागला माजा."

ब्राह्मीनं हात पुढं केला नाही. उलट दोन पावलं मागं सरकून ती खिडकीला टेकली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला नाही घालता यायचा, अंबूबाई. नियम घेतलाय मी."

"कसला न्येम?"

"वर्षभर नवं वस्त्र अंगावर घालायचं नाही. काल घेतला, मुनिमहाराजांच्या प्रवचनात."

अंबूबाईनं कुर्ता मशीनवर टाकला, स्टुलावर बसली आणि कपाळावर हात मारला.

"आवं, पर आपला धंदाच कापडाचा हाय न्हवं!"

धंदा कापडाचाच होता. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, सासऱ्यांच्या घराच्या माडीवर दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर तिनं स्वतः रंगवलेली पाटी: 'खिसा'. बायकांच्या कुर्त्याला मनगटापर्यंत हात जाईल असा खोल खिसा, एवढ्या एका गोष्टीवर तिनं आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं, साताऱ्याच्या संयोगितानं, तीन वर्षांपूर्वी हा ब्रँड काढला होता. ब्राह्मीनं कपडा बनवायचा, संयोगितानं तो साताऱ्यात आणि मोबाईलवर विकायचा. आणि प्रत्येक नवा नमुना पहिल्यांदा घालून बघायचा तो ब्राह्मीनं. अंबूबाई तिच्या अंगावर टाचण्या लावायची, ब्राह्मी हात खाली सोडून उभी राहायची, आणि ते माप पक्कं व्हायचं. फोटोसुद्धा तिचेच निघत, गळ्यापासून खालचे. चेहरा कशाला हवा, माणसं कुर्ता बघतात, असं संयोगिताचं म्हणणं.

अशा बाईनं नवं वस्त्र सोडायचं म्हणजे हलवायानं साखरेला हात न लावण्यातला प्रकार. बरं, सोडायचं तर कधी? पुढच्या रविवारी साताऱ्यात माजी सैनिकांच्या बायकांचा मेळावा होता. मंडळाच्या सगळ्या जणींनी एकसारखे कुर्ते घ्यायचं ठरवलं होतं आणि नमुने बघायला त्या संयोगिताच्या दुकानात येणार होत्या. तीन नमुने. हातात आठ दिवस.

संध्याकाळी संयोगिताचा फोन आला तेव्हा ब्राह्मी माडीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होती.

"अगं येडे, बायका बटाटा सोडतात, चहा सोडतात. फार तर टीव्ही सोडतात. तू कपडे सोडलेस?"

"नवे."

"आपल्याकडं जुने असतात कुठं? जुने म्हणजे परत आलेले. तेही ह्या महिन्यात सतरा आलेत. वाचून दाखवू? 'खांद्यात धरतो.' 'हात वर होत नाही.' 'दिसायला छान आहे पण मांडणीवरचा डबा काढता येत नाही.' ब्राह्मी, मला एक कळत नाही. तुझ्या अंगावर इतका झकास बसतो, मग ह्यांना काय होतं?"

"मला काय माहीत."

"हे बघ, मी स्पष्टच सांगते. पुण्याच्या त्या कंपनीनं एक तारखेला कामावर बोलावलंय. दादा म्हणतात, जा. दुकानाच्या मालकालाही महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. रविवारी ह्या बायकांनी कुर्ते घेतले तर मी थांबते. नाही घेतले तर खिसा बंद. रुसायचं नाही मग."

दादा म्हणजे संयोगिताचे वडील, सुभेदार होते. घरात सगळे असंच बोलत, तारीख-वार देऊन.

फोन ठेवल्यावर ब्राह्मीनं आणखी चार फेऱ्या घातल्या. प्रवचनात हात आपोआप वर गेला, असं तिनं नवऱ्याला, अंबूबाईला, आत्ता संयोगिताला सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं. हात तिनं जाणूनबुजून वर केला होता. त्या दिवशी सकाळी अकरा वेळा ती फिटिंगला उभी राहिली होती. घाला, काढा, वळा, हात खाली सोडा. दुपारी मांडवात बसल्यावर पाठीला कुठंतरी टाचणी टोचते आहे असं वाटून तिनं दोनदा हात मागं नेला, आणि टाचणी नव्हतीच. तेवढ्यात महाराज म्हणाले, ज्यांना जमेल त्यांनी वर्षभर नवं वस्त्र अंगावर न घेण्याचा नियम घ्यावा. वर्षभर आपल्याला कुणी वळायला सांगणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिनं हात वर केला. किती मोकळं वाटलं होतं तेव्हा! मांडवाबाहेर चप्पल शोधताना मात्र तिला रविवारचे तीन नमुने आठवले.

सोमवारी शेजारची एक मुलगी उभी केली. ती पाच मिनिटं मोबाईल बघत उभी राहिली आणि सहाव्या मिनिटाला क्लासला गेली. मग अंबूबाईनं स्वतःच कुर्ता घातला. पण तीस वर्षं मशीनवर वाकून तिचा उजवा खांदा खाली आला होता, कुर्ता तिच्या अंगावर भिंतीवरच्या तिरप्या फोटोसारखा दिसायला लागला. मंगळवारी ब्राह्मीच्या नवऱ्यानं, अरिहंतनं, कापडपेठेतल्या एका ओळखीच्या दुकानातून प्लॅस्टिकची पुतळी उसनी आणली. स्कूटरवर पुढं उभी धरून, भर बाजारातून. यार्डातल्या हळदीच्या अडत्यांनी त्याला दिवसभर पिडलं. पुतळीची कंबर बाटलीच्या गळ्याएवढी.

"ह्या बयेला बरगड्याच न्हाईत," अंबूबाई म्हणाली. "जेवती कुठं ही?"

बुधवारी संध्याकाळी जेवताना ब्राह्मीचं ताटाकडं लक्ष नव्हतं. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत, त्यामुळं साडेपाचलाच सगळे बसलेले. सासरे जवाहर लवकर उठून गेले होते. ब्राह्मी भाकरीचा तोच तुकडा आमटीत बुडवत होती आणि बाहेर काढत होती.

"महाराजांचा शब्द काय होता?" सासूबाईंनी विचारलं.

चंदनबाला एकसष्ट वर्षांच्या. अंगानं भरलेल्या, दोन्ही खांद्यांवर पदर, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी साडीशिवाय दुसरं काही कधी अंगाला लागलेलं नाही. माडीवर जे चालतं त्याला त्या शिवणकाम म्हणत. ब्रँड वगैरे नाही. वर जायच्या तेही जेवायला हाक मारण्यापुरत्या.

"कुठला शब्द, आत्या?"

"नियमाचा गं. नेमकं काय म्हणाले?"

"नवं वस्त्र."

"नवं." चंदनबालांनी ताटात मीठ सरकवलं. "मग घडी मोडली की नवं कुठं ऱ्हातं?"

ब्राह्मी बघतच राहिली.

"बघतीस काय? माझ्या दर दिवाळीच्या साडीची घडी माझी मोठी जाऊ मोडायची. दिवसभर नेसायची, संध्याकाळी मला द्यायची. मग ती माझी. आधी दुसरीनं नेसली की साडीचा कोरेपणा गेला. तुझ्या कुर्त्याचंबी तसंच की."

"पण ही पळवाट झाली, आत्या."

"झाली तर झाली. तुझा नियम तुझ्यापाशी. मी कुठं तुला घाल म्हणते? मी आपली घडी मोडते. मोडलेला घालायचा का न्हाई, ते तुझं तू बघ."

आणि त्यांनी ताक वाढून घेतलं, जणू गवारीचा भाव ठरवला.

गुरुवारी सकाळी अडचण आली ती अंगाची. नमुना होता ब्राह्मीच्या मापाचा, आणि आत्या ब्राह्मीच्या दुप्पट. अंबूबाईनं दोन्ही बाजू उसवल्या, आतलं जास्तीचं कापड सोडलं, वर दोन पट्ट्या जोडल्या, तेव्हा कुठं कुर्ता त्यांना होईलसा झाला. चंदनबाला तो घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ब्राह्मी दारापाशी जाऊन परत आली, घड्याळ बघितलं, पुन्हा दारापाशी गेली.

"आत्या, झालं का?"

"आत्ता कुठं हात घातलाय."

"घडी मोडायला एवढा वेळ लागतो का?"

"नीट मोडाय नको व्हय?"

वीस मिनिटांनी दार उघडलं. त्या साडीतच होत्या. पदर सारखा केलेला, आणि हातात कुर्ता, अंगाच्या उबेचा.

"घे. मोडली."

ब्राह्मीनं कुर्ता हातात घेतला. मनाला पटत नव्हतं, पण रविवार समोर होता. अंबूबाईनं पट्ट्या काढून बाजू पुन्हा घातल्या, ब्राह्मीनं तो चढवला आणि हात खाली सोडून उभी राहिली. कुर्ता झकास बसला. नेहमीसारखाच. अंबूबाईनं टाचण्या लावल्या, माप पक्कं झालं, आणि तरीही ब्राह्मीला चैन पडेना. तो सतरा जणींचा कुर्ताही असाच झकास बसला होता की.

दुसऱ्या कुर्त्याला शुक्रवारी अर्धा तास लागला. या खेपेला आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. आरसा त्या दाराला आतल्या बाजूनं होता. मग पावलांचा आवाज, खिडकीपर्यंत आणि परत. बाहेर अंबूबाईनं डोळे मोठे केले.

"आक्का फिरायल्यात जणू," ती कुजबुजली.

ब्राह्मीला हसू आलं आणि रागही. एकीकडं दिवस संपत चाललेले, आणि ह्या आत फिरतात!

शनिवारी तिसरा. हा ब्राह्मीनं सगळ्यात जीव लावून केला होता. गडद निळा, इचलकरंजीचं सुती कापड, खिशाच्या तोंडाला पांढऱ्या दोऱ्याची बारीक टीप. स्वतःसाठी करावा तसा केला होता. अंबूबाईनं तशाच पट्ट्या जोडून दिल्यावर चंदनबाला तो घेऊन आत गेल्या. दहा मिनिटांत कडी निघाली आणि त्या कुर्ता घालूनच बाहेर आल्या. खाली ब्राह्मीचीच नाडीची सैल पँट. पदर नसल्यामुळं हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आधी त्यांनी हात छातीशी धरले, मग मागं नेले, मग कशाला तरी हात हवा म्हणून मांडणीकडं वळल्या.

"वरचा तो बटणांचा डबा कुणी तिरका ठेवलाय?" असं म्हणत त्यांनी हात वर केला.

कर्रर्र आवाज झाला. काखेतली शिवण तीन बोटं उसवली.

"अगं आई गं!" त्यांनी हात झटकन खाली घेतला. चेहरा कानापर्यंत लाल. "फाडला मी. सांगत हुते, माझ्या अंगाचं न्हाई ते. काढून ठेवते."

"थांबा!" ब्राह्मी ओरडली.

सासूवर ती आजपर्यंत कधी ओरडली नव्हती. दोघीही दचकल्या.

"काढू नका. पुन्हा हात वर करा. उसवू दे, होऊ दे काय व्हायचं ते. करा."

चंदनबालांनी भीत भीत हात वर केला. कुर्ता सगळाच्या सगळा हाताबरोबर वर चढला, पाठीवर आडव्या वळ्या पडल्या, गळा मागं ओढला गेला. त्या पुढं वाकल्या तर खांदे जखडले. ब्राह्मी त्यांच्याभोवती एक फेरी घालून आली, मग दुसरी घातली. हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? तीन वर्षं कुर्त्याच्या आत ती उभी होती, हात खाली सोडून, आणि अंबूबाईचा हुकूम होता हलायचं नाही. एकदाही कुणी हात वर करून बघितला नव्हता. आणि बायकांचे हात घरात खाली असतात कधी?

"आपण मूर्ख आहोत, अंबूबाई."

"माजं नाव कशाला घालताय त्यात?" अंबूबाई म्हणाली, पण ती उठून जवळ आली होती. तिनं काखेत बाहीच्या जोडावर बोट घालून बघितलं. "मुंढा खोल कापलाय आपण. हाताची वाटच अडीवली. आमचा बाप म्हाताऱ्यांच्या बंड्या शिवायचा, तो हितं चौबगला घालायचा, चौकोनी तुकडा कापडाचा. माणूस दिवसभर ऊस तोडू दे, बंडी जागची हलत नव्हती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कवा? तुमाला फोटूतल्यावानी पायजे हुतं."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. मुंढा नव्यानं आखला, तुकडे कापले, काखेत बसवले, उसवले, पुन्हा बसवले. दर वेळी कुर्ता चंदनबालांच्या अंगावर. त्या एक क्षण स्थिर उभ्या राहत नव्हत्या. मधेच गॅलरीत जाऊन वाळवणाकडं बघून येत, मधेच वाकून खालचे दोरे उचलत.

"आक्का, एक मिनिट हुब्या ऱ्हावा की! टाचणी घुसंल."

"घुसू दे. हुबं ऱ्हाऊन कपडा कळतो व्हय?"

दुपारी जवाहर जेवायला घरी आले. जिन्यात गलका ऐकून ते वर डोकावले, आणि बायकोला बघून दारातच थांबले. चंदनबालांचा हात आपसूक खांद्यावर गेला, पदर शोधायला. तिथं काहीच नव्हतं.

"हे काय?"

"काय न्हाई. घालते कुठं मी? सुनेचा नियम हाय, म्हणून नुसती घडी मोडते."

जवाहरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आमटी गार झाली," आणि खाली गेले. ते रागावले की नाही, हे त्यांच्या बायकोलाही लवकर कळलं नाही. जिन्यावरची पावलं संपेपर्यंत त्या दाराकडं बघत होत्या. मग त्यांनी हात वर केला, पूर्ण वर, छताकडं. कुर्ता जागचा हलला नाही.

"आता झालं बघा," अंबूबाई म्हणाली.

बाकीचे दोनही नमुने संध्याकाळपर्यंत तसेच करून झाले. ब्राह्मीनं त्यातला एकही अंगावर चढवला नाही. गरजच पडली नाही. रात्री संयोगिताला फोन करून तिनं एवढंच सांगितलं की उद्या मी एकटी येत नाही.

"कोण येतंय?"

"आत्या."

"कशाला?"

"घडी मोडायला," ब्राह्मी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

साताऱ्याच्या एसटीत चंदनबाला साडीतच होत्या. कराड गेलं तरी ब्राह्मीचा पाय हलायचा थांबला नव्हता. काखेतला तुकडा घाम आल्यावर टोचेल का, निळा रंग त्या बायकांना आवडेल का, आणि नाहीच आवडला तर? संयोगिता पुण्याला जाईल. मग माडीवरच्या दोन मशिनी, आणि अंबूबाई पुन्हा शाळेच्या गणवेशांवर बसेल. सासूबाई मात्र खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "तिथं आरसा मोठा हाय का गं?"

संयोगिताचं दुकान पोवई नाक्याच्या पुढं, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. अडीच वाजता बायका आल्या, तीस-बत्तीस जणी. कुणी सुभेदाराची, कुणी हवालदाराची. नवरे सीमेवर असताना यांनी शेतं, सासू-सासरे, शाळा, बँका सगळं एकटीनं ओढलेलं, त्यामुळं कुणाच्या कौतुकाला भुलणाऱ्या नव्हत्या. त्यातल्या एका उंच बाईंनी हँगरवरचा कुर्ता चिमटीत धरला.

"दिसायला बरा हाय. पर मागं एकीनं घेतला हुता ह्यांचा. हात वर हुईना तिचा."

संयोगितानं ब्राह्मीकडं बघितलं. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि निळा कुर्ता घालून चंदनबाला बाहेर आल्या.

"कोणाचा हात हुईना?" त्यांनी विचारलं, आणि दोन्ही हात वर केले. मग वाकल्या, खालची पिशवी उचलली, वरच्या फळीवर ठेवली, परत काढली. खिशात हात घातला तो मनगटापर्यंत गेला. त्यातून मोबाईल काढला, चष्म्याची डबी काढली, रुमाल काढला, आणि एकेक टेबलावर ठेवत गेल्या. बायका हसायला लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, "बघू बघू, वळा जरा," आणि चंदनबाला वळल्या. एकदा सांगितलं, दोनदा वळल्या.

ब्राह्मी भिंतीला टेकून उभी होती. वळा म्हटलं की तिच्या पाठीत टाचणी टोचायची, आणि ही बाई न सांगताही वळत होती.

नंतरचा तासभर गडबडीचा. मापं घेणं, बाह्या लांब की आखूड, निळा की तांबूस. संयोगिता वहीत नावं लिहीत होती. एकतीस नावं झाली तेव्हा तिनं पेन ठेवून बोटं मोडली, ब्राह्मीच्या कानाशी येऊन म्हणाली, "उद्या पुण्याला कळवते, येत नाही म्हणून," आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. ब्राह्मीनं पुढच्या बाईच्या खांद्याला टेप लावला, तो उलटा.

निघता निघता त्या उंच बाई चंदनबालांपाशी थांबल्या.

"तुमी रोज हेच घालता व्हय घरी?"

"छे गं बाई! मी कुठं घालते? सुनेचा नियम हाय नवं न घालायचा. म्हणून मी आपली नुसती घडी मोडते."

"आनि न्येम संपल्यावर?"

"संपल्यावर काय? आपली साडी." चंदनबाला हसल्या. "वर्षाचाच हाय नियम. त्यातले आठ दिवस गेलेसुद्धा."

बाई निघून गेल्या. ब्राह्मी हातातला टेप गुंडाळायची थांबली. नियम तिचा, पण त्याचे दिवस तिनं मोजले नव्हते.

साडेपाचला संयोगिता चहा सांगायला खाली गेली. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून सासू-सुनेनं दुकानातच सतरंजी पसरून डबा उघडला. परतीची गाडी सव्वासातची होती. साडी घडी घालून पिशवीत ठेवलेली होती, आणि चंदनबाला कुर्त्यातच जेवायला बसल्या होत्या. चटणी सांडू नये म्हणून त्यांनी मांडीवर रुमाल पसरला होता. जेवताना त्यांची नजर सारखी आरशाकडं जात होती आणि परत डब्यावर येत होती.

"आत्या, मी नियम वाढवून घ्यावा म्हणते."

चंदनबालांचा घास हातातच राहिला. "का? त्रास हुतोय म्हणत हुतीस न्हवं?"

"आता नाही होत."

"दिवाळीबी तशीच काढणार? नव्या कपड्याबिगर?"

"काढीन."

"किती वाढवणार?"

"तीन वर्षं. बघू. पाचसुद्धा चालतील."

त्यांनी घास खाल्ला. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आत काहीच उरलं नव्हतं तरी एकदा बघितलं, आणि पुन्हा लावलं.

"नियम काय असा मनाला येईल तसा वाढवत असतात व्हय?" त्या दटावत म्हणाल्या. "महाराजांना विचारायला पायजे."

"विचारते."

"विचार." चंदनबालांनी मांडीवरचा रुमाल झटकला, घडी घातली आणि खिशात सारला. हात तिथंच राहिला. "उद्याच जा. सकाळच्या आहाराला उठायच्या आधी गाठ त्यांना. मागनं लय गर्दी हुती."